फॉर्मवरच्या त्या एका ओळीबद्दल : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बाळंतिणीच्या मनाची विचारपूस गृहभेटीच्या फॉर्मवर आणण्याबाबत

महोदय,

मी माणदेशातल्या एका गावात राहते. पतसंस्थेत कारकून आहे, दिवसभर रकाने भरते. मला पाच वर्षांची एक मुलगी आहे. हे पत्र आपल्या कार्यालयात टपालानं पाठवलंच आहे. पण आवक नोंदवहीत चढलेल्या कागदाचं पुढं काय होतं ते मला कारकून म्हणून ठाऊक आहे, म्हणून ते चारचौघांना वाचता येईल असं इथंही मांडते.

गेल्या महिन्यात माझी धाकटी बहीण बाळंत झाली. सातव्या दिवशी आशाताई घरी आल्या. बाळाचं वजन केलं, अंगाला हात लावून ताप पाहिला, बेंबी पाहिली, दूध ओढतंय का ते पाहिलं. मग बहिणीकडं वळून फॉर्मवरचं एकेक विचारू लागल्या. ताप, अंगावरून जाणं, छातीत गाठी. मी शेजारी शेगडीत ओवा-शेपा टाकत बसले होते. पुढची ओळ त्यांनी विचारली नाही, नुसती पुटपुटली : आई असंबद्ध बोलते का, झटके येतात का. आणि ‘नाही’वर खूण केली.

पाच वर्षांपूर्वी हीच खूण माझ्या नावापुढं झाली होती. त्यात खोटं काही नव्हतं. मी असंबद्ध बोलत नव्हतेच. मी कुणाशी बोलतच नव्हते.

माझं सिझर झालं होतं. मुलगी झाली म्हटल्यावर बघायला येणारी प्रत्येक बाई ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ म्हणून जायची. मुलगा झाल्यावर असली समजूत कुणी घालत नाही, त्यामुळं ती समजूत आहे हे कळायचंच. दूध चौथ्या दिवशी उतरलं. पहिले सहा-सात दिवस सारखं रडू यायचं. ते बहुतेक बायकांना येतं, हे मला नंतर कळलं. वार पडल्यावर अंगातली संप्रेरकं झपकन खाली येतात, त्यात जागरण, त्यात टाक्यांची ओढ. दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. माझं रडूही ओसरलं, पण त्याच्या जागी काहीच आलं नाही. पाचवी झाली, बारसं झालं. बारशाच्या फोटोत मी हसते आहे. तो दिवस मला आठवत नाही.

‘बाळ झोपलं की आपणही झोपावं’ असं जो तो सांगायचा. बाळ झोपायचं आणि मी आढ्याकडं बघत पडायचे. त्या खोलीचे वासे अकरा आहेत. जेवण समोर आलं की गिळायचे, डिंकाचा लाडू आणि माती सारखीच लागायची. लेक रडली की कुठंतरी लांब, दुसऱ्याच्या घरी बाळ रडतंय असं वाटायचं. मागच्या दारी आड आहे, तिकडं जायची मला भीती बसली. आडाची नव्हे, माझ्या हातांची. नको ते चित्र डोळ्यांपुढं यायचं आणि मी लेकीला आईच्या मांडीवर देऊन कोपऱ्यात जाऊन बसायचे. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लेक माझ्याजवळ ठेवली असती का, हा एकच प्रश्न त्या दिवसांत मला नीट पडत होता. असली चित्रं अनेक आयांच्या डोळ्यांपुढं येतात आणि ज्या आईला त्यांचा धसका बसतो ती मनानं वाईट नसते, हे कळायला मला सहा महिने लागले.

घरच्यांना मी दोष देत नाही. आईनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. आजी म्हणाली, बाळंतवात आहे, हिला वाऱ्याला लागू देऊ नका. सासूबाई फोनवर म्हणाल्या, “आमी काय पोरं काढली न्हाईत व्हय?” पण त्याच सासूबाईंनी अळीव आणि बदाम पाठवले होते. अंग रगडायला बाई लावली होती, कानाला रुमाल बांधल्याशिवाय मला उंबऱ्यापर्यंत कुणी येऊ देत नव्हतं, सव्वा महिना पाण्यात हात घालू दिला नाही. बाळंतिणीच्या अंगाची राखण कशी करायची हे आमच्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मन आजारी पडतं हे त्यांना कुणी सांगायलाच आलेलं नाही, आणि ते सांगायचं काम आपल्या खात्याचं आहे.

टाके दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांना म्हटलं, झोप लागत नाही. ते हसून म्हणाले, “लहान बाळ घरात असल्यावर झोप कशी लागेल?” आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. दुसऱ्या दवाखान्यात गेले असते तरी बहुधा हेच ऐकलं असतं.

साडेतीन महिन्यांच्या डोसाला मी लेकीला घेऊन उपकेंद्रात गेले. सुई टोचल्यावर ती रडली. बाकीच्या बाया आपापली पोरं उगी करत होत्या, मी तशीच बसून राहिले. नर्सबाईंनी माझ्याकडं पाहिलं, लेकीला उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि विचारलं, “तुला काय व्हतंय गं? जेवाण जातंय का? झोप लागती का?” साडेतीन महिन्यांत मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्यात बाळ नव्हतं. मी तिथंच हुंदके द्यायला लागले. पुढचं सगळं त्या एका प्रश्नामुळं झालं. कुठल्याही परिपत्रकात त्यांना तो विचारायला सांगितलेला नसावा. त्यांना वाटलं म्हणून त्यांनी विचारला.

मग जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं ठरलं. दोन एसट्या बदलून, ठरलेल्या वारी. पहिल्या खेपेला डॉक्टर रजेवर. नवरा सोबत होता, तो म्हणाला परत येऊ, म्हणून परत गेलो. एकटी असते तर गेले नसते. दुसऱ्या खेपेला थायरॉईड आणि रक्त तपासलं, कारण बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडलं किंवा रक्त कमी झालं तरीही माणूस असंच गळून जातं. ते ठीक निघालं. गोळी सुरू झाली. अंगावर पाजत असताना चालेल अशीच होती. तिसऱ्या आठवड्यात एकदा भाजी खारट झालीय हे मला कळलं आणि मी तसं बोलले. आई पदर डोळ्यांना लावून आत गेली.

आजाराचं नाव ‘प्रसूतिपश्चात नैराश्य’. एवढं जड नाव कुठल्या सासूच्या तोंडी बसणार, हा प्रश्न आपल्या खात्यानं स्वतःला विचारावा. ‘बाळंतपणानंतर मन खचतं, त्यावर औषध आहे’ असं भिंतीवर लिहिलं तर आजीलासुद्धा वाचून दाखवता येईल.

आता तक्रारी.

पहिली त्या ओळीबद्दल. ती काय पकडते ते पाहा. झटके म्हणजे रक्तदाबाचा बाळंतझटका, तो पकडायलाच हवा. असंबद्ध बोलणं म्हणजे बाळंतपणानंतर येणारा उन्माद. बाई भलतंच बोलते, दोन-दोन दिवस झोपत नाही, तिला भास होतात. हा आजार हजारातल्या एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच दिसतो, आणि त्यात त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. तेव्हा ही ओळ हवीच. पण मन खचण्याचा आजार किती जणींना होतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २०१७ साली भारतातल्या ३८ अभ्यासांचा, वीस हजारांवर बाळंतिणींचा एकत्र आढावा आला. त्यात हे प्रमाण २२ टक्के निघालं. म्हणजे हजारातल्या एक-दोघींसाठी फॉर्मवर ओळ आहे आणि हजारातल्या दोनशेवीस जणींसाठी नाही. आमच्या पतसंस्थेत असा ताळेबंद कुणी सहीला ठेवला तर लेखापरीक्षक दारात उभं करणार नाही.

आणि हे काही काल-परवा कळलेलं नाही. शेजारच्या गोव्यात, म्हापशाच्या रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आया या आजारात सापडल्या. त्यांतल्या पाऊणाहून अधिक जणी गरोदरपणातच मनानं त्रासलेल्या होत्या आणि निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेलं नातं, आणि मुलगी होणं, ही त्यांची कारणं. ‘धनाची पेटी’ मी वर उगाच लिहिलेली नाही.

मला जास्त लागतं ते वेगळंच. घरी जाऊन बाळाला तपासायची ही पद्धत आपल्याच मातीतली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले. १९९९ साली ते जगापुढं आलं आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई त्याच वाटेनं घरोघरी जाऊ लागल्या. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. पुढं तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटी. बाळंतिणीच्या खाटेपाशी अकरा वेळा जाऊन बसणारी सरकारी बाई दुसऱ्या कुठल्या कामाला मिळेल? ती येते, बसते, बाळाचं वजन लिहिते, आणि जिच्या मांडीवर बाळ आहे तिला ‘कशी आहेस’ हे विचारायला कागदावर जागा नसते.

दुसरी तक्रार एका शब्दाची. आशाताईंना या भेटींचे २५० रुपये मिळतात ते बाळाचं वजन, लस, जन्मनोंद आणि बेचाळीस दिवसांपर्यंत आई-बाळ ‘सुखरूप’ असल्यावर. बेचाळिसाव्या दिवशी मी सुखरूप होते. तशी नोंद आहे. ‘सुखरूप’ याचा अर्थ जिवंत, एवढाच आपण धरला आहे.

तिसरी तक्रार लिहिताना हात जड होतो. महाराष्ट्राचं मातामृत्यूचं प्रमाण २०१८-२०च्या नमुना नोंदणीत लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, केरळच्या पाठोपाठ देशात सगळ्यांत कमी. त्याचा मलाही अभिमान आहे. पण तो हिशेब बेचाळिसाव्या दिवशी बंद होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ साली सांगून ठेवलं की गरोदरपणातली आणि बाळंतपणानंतरची आत्महत्या थेट मातामृत्यूतच धरावी. आमच्याकडं तान्हं बाळ मागं ठेवून गेलेल्या बाईची बातमी ‘घरगुती कारणातून’ किंवा ‘पोटदुखीला कंटाळून’ एवढ्या चार शब्दांत संपते. पोलीस पाटलाच्या जबाबात बाळाचं वय कुणी विचारत नाही. केरळात डॉक्टरांनी मातामृत्यूंची गोपनीय छाननी करायला घेतली आणि आत्महत्या हे तिथलं एक मोठं कारण म्हणून पुढं आलं. तिथं त्या जास्त होतात असा याचा अर्थ लगेच काढू नका, तिथं मोजलं गेलं. त्याच राज्यात ‘अम्म मनस्स’ नावानं आयांच्या मनाची तपासणी आरोग्य सेविका करतात.

आता कुणी म्हणेल, आशांवर आधीच किती ओझं. खरं आहे. मानधनासाठी २०२३-२४च्या हिवाळ्यात त्यांना संपावर बसावं लागलं ते राज्यानं पाहिलं. म्हणूनच फुकटात आणखी एक काम त्यांच्या गळ्यात घालू नका, असं मी पुढं लिहिलं आहे. पण त्यांना मनाचं काही जमायचं नाही, हे मात्र सांगू नका. शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्पा’खाली याच आशाताई शेतकऱ्यांच्या घरी जाऊन मन खचलंय का ते विचारतात. कर्ज बुडालेल्या पुरुषाला विचारता येतं, तर त्याच घरातल्या ओल्या बाळंतिणीला का नाही? पाकिस्तानातल्या खेड्यांत दहावी-बारावी शिकलेल्या आरोग्य सेविकांनी साध्या गप्पांमधून अशा आयांना बरं केल्याचं २००८ साली छापून आलं. तीच रीत पुढं गोव्यात गावातल्याच अनुभवी आयांकडून करून पाहिली गेली. त्यासाठी ना यंत्र लागलं ना इमारत.

माझ्या मागण्या अशा आहेत.

गृहभेटीच्या फॉर्मवर दोन प्रश्न छापा. ‘गेल्या महिन्याभरात मन सारखं उदास, निराश वाटतं का?’ आणि ‘कशातच जीव लागत नाही, असं होतं का?’ हे मी शोधलेले नाहीत, जगभर हेच दोन विचारले जातात. चौदाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी विचारा, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात परत विचारा, आणि गरोदरपणाच्या तपासणीतही एकदा विचारा. सासू-नवऱ्यासमोर विचारू नका. माझ्या वेळी कुणी आईसमोर विचारलं असतं तर मी ‘बरी आहे’ असंच म्हटलं असतं. चहा ठेवायला सांगून घरच्यांना बाहेर कसं काढायचं ते आशाताईंना शिकवायची गरज नाही. या कामाचा मोबदला वेगळा धरा, आणि तो ‘सापडल्या’च्या आकड्यावर नको, विचारल्याच्या नोंदीवर द्या.

लसीकरणाच्या दिवसाचा उपयोग करा. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने. एरवी बाहेर न सोडली जाणारी बाई त्या दिवशी कुणाच्याही परवानगीशिवाय उपकेंद्रात येते. मी तिथंच सापडले.

दोन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर पुढं काय, ते लेखी ठरवा. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं दहा प्रश्नांची एडिनबर्गची तपासणी करावी. १९८७ पासून ती जगभर वापरात आहे, दहा मिनिटांत होते. ती सोप्या मराठीत द्या. भाषांतर मंत्रालयात बसून करू नका, दहा बाळंतिणींना वाचून दाखवा आणि मग छापा. त्यात स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दलचा प्रश्न आहे, त्याला ‘हो’ आलं तर त्या बाईला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत न्यायला वाहन मिळालं पाहिजे. बाळंतपणाला १०८ येते, तशी यालाही आली पाहिजे.

मनोविकार तज्ज्ञ महिन्यातून एकदा तरी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बसावेत, आणि नसतील त्या दिवशी तसा निरोप उपकेंद्रात आदल्या दिवशी यावा. हे लहान आहे, पण दोन एसट्या बदलून परत गेलेली बाई दुसऱ्यांदा येत नाही. अंगावर पाजताना चालणाऱ्या गोळ्या तिथं शिल्लक असाव्यात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना हे शिकवा, म्हणजे ते ‘औषध घ्यायचं तर दूध तोडा’ म्हणणार नाहीत. ते वाक्य ऐकून कितीतरी बाया चिठ्ठी पर्समध्ये घडी करून ठेवतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम २१ सांगतं की उपचार घेणाऱ्या आईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडू नये. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २००९ पासून आई आणि बाळ एकत्र राहतील असा वॉर्ड आहे. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी या आपल्या चार मनोरुग्णालयांत बाळासह आईसाठी किती खाटा आहेत, तो आकडा जाहीर करा. शून्य असेल तर शून्य लिहा. तिथून सुरुवात होईल.

बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत झालेल्या आयांच्या आत्महत्या मातामृत्यू अन्वेषणात मोजा.

आणि ‘टेली-मानस’ या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापा. २०२२ पासून ही सेवा आहे, चोवीस तास आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पण आमच्या गल्लीत मी बारा जणींना विचारलं, एकीलाही ठाऊक नव्हता. हे पत्र वाचणाऱ्या कुणा बाईला आत्ता लागत असेल तर तिनं कार्ड छापून येण्याची वाट पाहू नये.

उत्तरासाठी मी तीन महिने वाट बघेन. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फळ्यावर लावलं तरी चालेल, मी जाता-येता वाचते.

येत्या गुरुवारी बहिणीचा बेचाळिसावा दिवस आहे. आशाताईंना मी आधीच सांगून ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, “विचारीन की, पर लिहू कुठं?” म्हणून त्यांच्या फॉर्मच्या समासात मी दोन्ही प्रश्न पेन्सिलीनं लिहून दिले आहेत. समास अरुंद आहे, दुसऱ्या प्रश्नाला कागद उलटावा लागतो.

आपली,
एका मुलीची आई,
माणदेश